तयार स्क्रिप्ट लावा, पण यंत्र ओळखून

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नांदगाव पेठ लागतं. इथल्या औद्योगिक वसाहतीत १३५० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे, कापड उद्योगाचे कारखाने आहेत, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी भूमिपूजन झालेलं पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानही याच पट्ट्यात आहे. म्हणजे वावरातली पऱ्हाटी पाहत वाढलेली पोरं इथे सूत काढणाऱ्या यंत्रांपुढे उभी राहतात. यंत्र काय करतं, कुठे हात घालायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशीच कळायला हवं. ते समजावायला नुसता व्हिडिओ पुरत नाही. झाकण उघडलं तर काय होतं, बटण दाबलं तर काय थांबतं, हे त्याने स्वतः दाबून पाहिलं तर ते ध्यानात राहतं.

अमरावती-अकोल्याकडे मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन शिकलेल्या मुलांना लग्नाचे व्हिडिओ आणि फ्लेक्सपलीकडे काम हवं असेल, तर ते या बाजूला शोधता येईल. त्यासाठी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. चित्रातली वस्तू थांबवणं, फिरवणं, लपवणं, ओढणं यांसाठी सॉफ्टवेअरमध्येच स्क्रिप्ट लिहून ठेवलेल्या असतात. त्या निवडून वस्तूला लावायच्या. हा लेख त्या कशा लावायच्या, कुठे बदलायच्या आणि कुठे त्यांच्यावर विसंबायचं नाही, याबद्दल आहे.

जुनं पुस्तक, नवं सॉफ्टवेअर

पहिला घोळ पुस्तकापासूनच सुरू होतो. मल्टिमीडियाच्या जुन्या पुस्तकांत ‘बिहेव्हियर्स’ नावाचं पॅनेल उघडायला सांगितलेलं असतं. हे पॅनेल मॅक्रोमीडियाच्या फ्लॅश एमएक्स २००४ मध्ये आलं. वस्तू निवडायची, अधिकचं चिन्ह दाबायचं, यादीतून ‘गोटू अँड प्ले’ किंवा ‘स्टार्ट ड्रॅगिंग’ निवडायचं आणि ते ‘ऑन प्रेस’ला व्हावं की ‘ऑन रिलीज’ला, एवढं सांगायचं. एक ओळही लिहायची नाही.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे पॅनेल शोधून सापडत नाही, कारण बिहेव्हियर्स अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांपुरतीच होती. २००७ च्या फ्लॅश सीएस ३ मध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आली आणि तिथे ती चालेनात. त्यांची जागा २०१० च्या फ्लॅश सीएस ५ मध्ये ‘कोड स्निपेट्स’ या पॅनेलने घेतली. २०१६ मध्ये फ्लॅशचं नाव अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट झालं, पण हे पॅनेल टिकलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं. त्यामुळे आज नवं काम करायचं ते ‘एचटीएमएल ५ कॅनव्हास’ प्रकारची फाइल उघडूनच. ती मोबाइलपासून शाळेतल्या स्मार्ट बोर्डापर्यंत साध्या ब्राउझरमध्ये चालते.

शाळेत किंवा क्लासमध्ये जुन्या सीडी पडून असतील तर त्या टाकून देऊ नका. ‘रफल’ नावाचा मोफत प्रोग्राम जुन्या फ्लॅश फाइली चालवतो. बिहेव्हियर्सच्या काळातल्या, म्हणजे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ च्या फाइली तो बऱ्याच नीट उघडतो.

लावण्याआधी चार प्रश्न

सालदाराला नुसतं “काम कर” म्हणून चालत नाही. कोणत्या वावरात, कोणत्या वेळी, काय आणि कुठवर, हे सांगावं लागतं. तयार स्क्रिप्टचंही तसंच आहे. यादीतलं नाव दोनदा टिचकवण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

१. कोण? स्क्रिप्ट कोणत्या वस्तूला लागू होणार? ती वस्तू ‘मूव्ही क्लिप’ किंवा ‘बटण’ हवी; ‘ग्राफिक’ प्रकारच्या सिम्बॉलला स्क्रिप्टने हाक मारता येत नाही. शिवाय प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये तिला स्वतःचं इन्स्टन्स नाव हवं. लायब्ररीतलं नाव वेगळं आणि हे नाव वेगळं. नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे धरला जातो. तुम्ही नाव दिलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतः एखादं ‘मूव्ही क्लिप १’सारखं नाव ठोकून देतं आणि दहा वस्तू झाल्या की कोणती कोणती ते तुम्हालाच ओळखू येत नाही.

२. केव्हा? क्लिक केल्यावर, बोट वर आल्यावर, की त्या फ्रेमवर पोचताच आपोआप?

३. काय? थांबायचं, फिरायचं, दिसेनासं व्हायचं, की दुसऱ्या फ्रेमवर जायचं? एका स्क्रिप्टकडून एकच काम घ्या.

४. कुठे? प्लेहेड ज्या फ्रेमवर उभा असेल त्याच फ्रेमवर स्क्रिप्ट जाऊन बसते आणि त्यासाठी ‘अ‍ॅक्शन्स’ नावाचा लेयर आपोआप तयार होतो. चाळिसाव्या फ्रेमवर उभं राहून लावलेलं बटण पहिल्या फ्रेमवर काम करणार नाही.

सुरुवातीला अडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ चौथ्या प्रश्नात असतं. वस्तू निवडताना आपलं सगळं लक्ष चित्रावर असतं, टाइमलाइनकडे पाहायचं राहून जातं.

सराव : कार्डिंगचं सिलिंडर

एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी झाली, गाठी बांधल्या गेल्या, गिरणीत त्या ब्लो रूममध्ये फोडून मोकळ्या झाल्या, की कापूस कार्डिंग यंत्रावर येतो. तिथे बारीक तारेच्या दात्यांनी मढवलेलं मोठं सिलिंडर कापूस विंचरतं आणि त्याचा पेळू बाहेर पडतो. पुढे ड्रॉ फ्रेम, सिम्प्लेक्स, रिंग फ्रेम आणि ऑटोकोनर ही यंत्रं येतात. आपण फक्त कार्डिंगचं सिलिंडर, त्यावरचं झाकण आणि एक ‘बंद’ बटण एवढंच काढू.

सिलिंडर बाजूने पाहिलं की गोल दिसतं. पण एकरंगी गोल कितीही फिरवला तरी डोळ्याला तो उभाच वाटतो. म्हणून त्यावर एक खूण करा: एखादा रंगीत पट्टा किंवा आरे. मग त्याची मूव्ही क्लिप करा, नाव द्या आणि ‘फ्री ट्रान्सफॉर्म’ साधन घेऊन मधला पांढरा ठिपका गोलाच्या बरोबर मध्यावर आहे ना, ते पाहा. कॅनव्हासमध्ये वस्तू याच ठिपक्याभोवती फिरते. तो कडेला गेला असेल तर सिलिंडर जागेवर फिरण्याऐवजी गोफणीसारखं भोवंडतं.

आता ‘विंडो’ मेनूतून ‘कोड स्निपेट्स’ उघडा. ‘एचटीएमएल ५ कॅनव्हास’च्या फोल्डरात ‘अ‍ॅनिमेशन’मध्ये ‘रोटेट कंटिन्युअसली’ आहे. सिलिंडर निवडलेलं असताना त्यावर दोनदा क्लिक करा, मग कंट्रोल आणि एंटर दाबून पाहा. सिलिंडर फिरायला लागेल.

इथेच थांबू नका. अ‍ॅक्शन्स पॅनेल उघडून आलेली स्क्रिप्ट वाचा. वरच्या करड्या ओळी सूचना आहेत. त्या यंत्रासाठी नसून तुमच्यासाठी लिहिलेल्या असतात. कोणता आकडा बदलला की वेग बदलतो, उलट फिरवायला काय करायचं, ते तिथेच दिलेलं असतं. हा आकडा म्हणजे दर फ्रेमला किती अंश फिरायचं ते. फाइल सेकंदाला २४ फ्रेमची असेल आणि आकडा १५ असेल तर सेकंदाला ३६० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरा, मिनिटाला ६०. खरं सिलिंडर मिनिटाला काही शे फेरे घेतं; तेवढा वेग पडद्यावर दाखवायला जाऊ नका. वेग वाढवताना आणखी एक गंमत होते. चाकाला १२ आरे असतील तर दोन आऱ्यांत ३० अंशांचं अंतर असतं. आकडा ३० केलात तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जाऊन बसतो आणि चाक थांबलेलं दिसतं. २८ केलात तर उलटं फिरताना दिसतं. म्हणून वेग कमी ठेवा आणि खाली स्पष्ट लिहा : ‘समजण्यासाठी वेग कमी दाखवला आहे.’

हीच स्क्रिप्ट रिंग फ्रेमच्या उभ्या स्पिंडलला लावली तर मात्र हसू होईल. समोरून पाहिलेलं स्पिंडल स्वतःभोवती फिरतं, पण ही स्क्रिप्ट ते घड्याळाच्या काट्यासारखं आडवं-उभं गरगरवेल. तिथे स्पिंडलच्या चार-सहा फ्रेम काढून, त्यावरची खूण सरकवत, त्याची मूव्ही क्लिप करावी लागते आणि ‘प्ले अ मूव्ही क्लिप’ वापरावी लागते. यादीतलं नाव ‘फिरवा’ असलं तरी कोणत्या बाजूने पाहताना फिरवायचं, हे तुम्हीच ठरवायचं.

‘थांबा’ म्हटलं की खरं यंत्र थांबतं का?

सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे. ‘बंद’ बटणाने फिरणं एकदम बंद केलं की पडद्यावरचं सिलिंडर क्षणात थबकतं. बघायला छान वाटतं, पण ते खोटं आहे आणि धोक्याचंही. कार्डिंगचं सिलिंडर जड असतं. वीज तोडल्यावरही ते आपल्या जोरावर बराच वेळ फिरत राहतं. नव्या कामगाराने अ‍ॅनिमेशनमध्ये ‘बटण दाबलं, थांबलं, झाकण उघडलं’ असं पाहिलं तर तो तेच करेल, आणि आत हात घालेल.

म्हणून इथे तयार स्क्रिप्टमध्ये थोडी भर घालायला हवी. सिलिंडरच्या स्क्रिप्टमध्ये वर ‘वेग’ या अर्थाचं एक नाव तयार करून त्याला १५ ही किंमत द्या. दुसरं नाव ‘वीज’ या अर्थाचं. त्याची किंमत ‘चालू’. फिरवणाऱ्या ओळीत जिथे आकडा होता तिथे आता ‘वेग’ लिहा. त्याखाली एक अट : वीज बंद असेल तर दर फ्रेमला वेगाला ०.९९५ ने गुणा. ‘बंद’ बटणाच्या क्लिकने सिलिंडर थांबवायचं नाही, फक्त वीज ‘बंद’ करायची.

हिशेब करून पाहा. ०.९९५ ने गुणत गेलं की वेग निम्मा व्हायला साधारण १३८ फ्रेम, म्हणजे पावणेसहा सेकंद लागतात. १५ वरून तो ०.१ पर्यंत, म्हणजे डोळ्याला थांबल्यासारखा दिसेपर्यंत यायला चाळीस सेकंदांच्या वर जातात. एवढा वेळ शिकणारा थांबून पाहतो तेव्हाच त्याला कळतं की बटण दाबणं आणि यंत्र थांबणं यांत अंतर असतं. ०.९५ घेतलंत तर हा सगळा खेळ चार-पाच सेकंदांत संपेल आणि धडा पुसला जाईल. खऱ्या यंत्राला किती वेळ लागतो ते त्या खात्यातल्या माणसाला विचारा आणि त्याप्रमाणे आकडा ठरवा.

मग झाकणाला क्लिकची स्क्रिप्ट लावून आणखी एक अट घाला : वेग ०.१ च्या खाली आला असेल तरच झाकण उघडणाऱ्या फ्रेमवर जा, नाहीतर ‘अजून फिरतंय, थांबा’ ही पाटी दाखवा. पाटी दाखवायला ‘शो अ‍ॅन ऑब्जेक्ट’ तयारच आहे. म्हणजे सगळी इमारत तयार स्क्रिप्टांची. तुम्ही लिहिलं ते दोन नावं आणि दोन अटी.

नेहमी अडणाऱ्या जागा

फ्रेमचे आकडे : कॅनव्हासमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. टाइमलाइनवर दहावी दिसते ती फ्रेम स्क्रिप्टच्या लेखी नववी. या फंदात पडण्यापेक्षा महत्त्वाच्या फ्रेमला लेबल द्या आणि आकड्याऐवजी लेबल लिहा. मध्ये फ्रेम वाढवल्या तरी काही बिघडत नाही.

एका क्लिकवर दोनदा, चारदा काम होणं : टाइमलाइन फिरत फिरत पुन्हा पहिल्या फ्रेमवर आली की बटणाची स्क्रिप्ट पुन्हा जोडली जाते. पाच फेऱ्या झाल्या की एका क्लिकला पाच वेळा प्रतिसाद मिळतो. ‘टाइमलाइन नेव्हिगेशन’मधली ‘स्टॉप अ‍ॅट धिस फ्रेम’ पहिल्याच फ्रेमवर लावा. शिकवणीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये मुख्य टाइमलाइन आपोआप फिरत राहण्याचं काही कारणच नसतं.

थांबवूनही न थांबणं : ती ‘स्टॉप’ फक्त मुख्य टाइमलाइन थांबवते. आतल्या मूव्ही क्लिपची स्वतःची टाइमलाइन असते. ती चालूच राहते. तिला थांबवायचं तर तिच्या नावाने सांगावं लागतं.

दोन धनी : एकाच वस्तूला ट्वीनही दिलं आणि स्क्रिप्टही लावली की दोघांची ओढाताण होते. वस्तू आणखी एका मूव्ही क्लिपमध्ये ठेवा. बाहेरचीला ट्वीनने सरकवा, आतलीला स्क्रिप्टने फिरवा.

वस्तू सापडत नाही अशी चूक : ज्या फ्रेमवर स्क्रिप्ट आहे त्या फ्रेमवर ती वस्तू स्टेजवर नसेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल ओळ येते. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून कन्सोल उघडायची सवय लावून घ्या. चूक कुठल्या ओळीत आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

‘ड्रॅग अँड ड्रॉप’ची मर्यादा : ही स्क्रिप्ट वस्तू ओढू देते, पण ती योग्य जागी पडली का हे बघत नाही. ब्लो रूम ते ऑटोकोनर हा क्रम ओढून लावायचा खेळ करायचा असेल तर तपासणीची अट तुम्हालाच लिहावी लागेल. तेवढं जमत नसेल तर क्लिकवर भागवा : बरोबर यंत्र दाबलं की ‘बरोबर’ लेबलच्या फ्रेमवर, चुकलं की ‘पुन्हा पाहा’वर.

एआयकडून लिहून घेतलेली स्क्रिप्ट हीसुद्धा तयारच स्क्रिप्ट. तिलाही तेच चार प्रश्न विचारा. शिवाय ती कॅनव्हाससाठी आहे की जुन्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टसाठी, हे आधी पाहा.

अक्षरं, मोबाइल आणि नेट

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर किचकट चिन्हांत दिसतो. युनिकोड मराठीच वापरा. प्रकाशित केल्यावर वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं वाचून पाहा. कुठे मोडलेली दिसली तर ती पाटी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून, अक्षरांचे आकार बनवून चित्र म्हणून आणा.

मोबाइलवर आणि स्मार्ट बोर्डावर माउस फिरवणं नसतं, थेट बोट टेकतं. म्हणून ‘माउस ओव्हर’वर दिसणारी माहिती तिथे दिसत नाही, ती क्लिकवर द्या. बटणाच्या ‘हिट’ फ्रेममध्ये मोठा चौकोन काढा, म्हणजे जाड बोटही नेमकं लागेल. आवाजाचं एक ध्यानात ठेवा : ब्राउझर आपणहून आवाज सुरू करू देत नाहीत. पहिल्या पडद्यावर ‘सुरू करा’ बटण ठेवा आणि निवेदन त्या क्लिकनंतरच वाजवा.

आणि नेट. अ‍ॅनिमेटने बनवलेली फाइल चालायला ‘क्रिएटजेएस’ ही लायब्ररी लागते आणि मूळ सेटिंगमध्ये ती नेटवरून घेतली जाते. गावातल्या शाळेत किंवा कारखान्याच्या प्रशिक्षण खोलीत नेट गेलं की पडदा कोरा. ‘पब्लिश सेटिंग्ज’मधली ‘होस्टेड लायब्ररीज’ची खूण काढा, म्हणजे ती तुमच्या फोल्डरातच येईल. देताना नुसती एचटीएमएल फाइल देऊ नका. स्क्रिप्टची फाइल, चित्रं, आवाज आणि लायब्ररी असा पूर्ण फोल्डर झिप करून द्या.

पैसे न घालता सराव

अ‍ॅनिमेटचं भाडं परवडत नसेल तरी अडून राहू नका. संगणकावर आधीच पॉवरपॉइंट असेल तर त्यात ‘अ‍ॅनिमेशन्स’ टॅबवर ‘ट्रिगर’ आहे. ‘या वस्तूवर क्लिक केल्यावर ती वस्तू हलव’ एवढं तो करतो. ऑल्ट आणि एफ १० दाबून ‘सिलेक्शन पेन’ उघडा आणि प्रत्येक वस्तूला नाव द्या. ‘कोण, केव्हा, काय’ या तीन प्रश्नांची सवय इथेच लागते. पुढचं पाऊल ‘जीडेव्हलप’चं. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्यात ‘बिहेव्हियर्स’ हीच कल्पना जिवंत आहे. ‘ड्रॅगेबल’ लावलं की वस्तू ओढता येते, ‘ट्वीन’ लावलं की ती सरकते. अटी यादीतून निवडायच्या असतात, त्यामुळे आपल्या सिलिंडरचा वेग हळूहळू कमी करण्याचं काम तिथे एक ओळही न लिहिता होतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत फुकट ऐकता येतात. हात बसवायला ते उपयोगी आहेत.

सोपवण्याआधी

काम पूर्ण झालं वाटलं की तीन माणसांना दाखवा. एक संगणक न वापरणारा : त्याला काहीही न सांगता फोन हातात द्या आणि तो कुठे अडतो ते पाहा. दुसरा त्या यंत्रावर काम करणारा : त्याला विचारा, “हे असंच चालतं का?” तिसरा सुरक्षेचं काम पाहणारा : पडद्यावर दाखवलेला एखादा क्रम कामगाराने जसाच्या तसा उचलला तर इजा होईल का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. पहिल्या माणसामुळे बटणं सुधारतील. दुसऱ्या-तिसऱ्यामुळे स्क्रिप्टमधले आकडे बदलतील, आणि हेच आकडे तुमच्या कामाला यादीतल्या तयार कामापासून वेगळं करतील.

नोकरीला किंवा कंत्राटाला जाताना वीस झगमगीत नमुने नेण्यापेक्षा हे एक सिलिंडर न्या. बटण दाबा आणि ते थांबेपर्यंत चाळीस सेकंद समोरच्याला बघू द्या. ते लगेच का थांबत नाही, असं त्याने विचारलं तर उत्तर तुमच्याजवळ तयार आहे. आणि तो यंत्र जाणणारा असेल तर विचारणारच नाही.